नोंदीपेक्षा दोन कमी : माइन काढणाऱ्या माजी सैनिकांबद्दल विचारायचं आहे

सुभेदार_आर्वीरोड | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं आंबिया बहाराचे नाहीतर पेन्शनच्या फॉर्मचे प्रश्न विचारतो. आजचा प्रश्न वेगळा आहे, थोडा लांबेल.

मी फौजेत सॅपर होतो. म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, माइन (जमिनीत पुरायचे सुरुंग) टाकणारे आणि काढणारे. सुभेदार होऊन घरी आलो त्याला सतरा वर्षं झाली. पाच एकर वावर आहे, तूर-सोयाबीन आणि थोडी संत्री.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांत फौज पश्चिम सीमेवर निघाली. ऑपरेशन पराक्रम. ऑक्टोबर २००२ पर्यंत ते चाललं. लढाई झाली नाही, पण माइन टाकल्या गेल्या, आणि त्या शेतात टाकल्या गेल्या. पंजाबात आमचा पट्टा होता तिथं गहू वीतभर वर आला होता. तो तुडवत आम्ही दोऱ्या ताणल्या. शेताचा मालक, म्हातारा सरदारजी, धुऱ्यावर उभा राहून रोज बघायचा. एक दिवस त्यानं मला विचारलं, "फौजी, कापणीला येऊ द्याल ना?" मी म्हटलं, "हो बाबाजी, तोवर आम्ही गेलेलो असू." कापणी आली तेव्हा आम्ही तिथंच होतो. गहू उभा वाळला.

माइन टाकताना नोंद ठेवतात. कोणत्या खुणेपासून किती अंतर, कोणत्या दिशेला, ओळीत किती, कोणत्या जातीच्या. काढताना त्याच कागदावरून काढायच्या. पालथं पडून प्रॉडरनं, म्हणजे टोकदार सळईनं, तिरपं टोचत जायचं, बोट-बोट पुढं. वरून सरळ टोचलं तर दाब थेट माइनच्या डोक्यावर. आमच्या पट्ट्यात नोंदीपेक्षा दोन कमी निघाल्या. कडेला नाला होता, मधे एक पावसाळा गेला होता. माती सरकली की माइनही सरकते. पुष्कळ शोधलं. मग माझी बदली झाली. मागून आलेल्यांनी त्या काढल्या असतील. 'असतील' या शब्दावर मी बावीस वर्षं काढली.

या दिवाळीत माळा साफ करताना सुनेला माझी जुनी वही सापडली. सरकारी काही नाही त्यात, घरी किती मनीऑर्डर पाठवली वगैरे. एका पानावर त्या गावाचं नाव आणि 'बाबाजींनी लोणी दिलं' एवढंच.

नातवानं मोबाइलवर दाखवलं, व्हिएतनाममध्ये लढलेले काही अमेरिकन सैनिक म्हातारपणी परत तिथं जाऊन राहिले आणि न फुटलेले बॉम्ब काढायच्या कामाला लागले. आपल्या लोकांनी असं काही केलं आहे का? आणि ६२ वर्षांचा माणूस आर्वी तालुक्यात बसून काय करू शकतो? गुडघे गेले आहेत. पालथं पडता येतं, उठता येत नाही.

पऱ्हाटीवाला_देवळी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सुभेदार साहेब, रामराम. वाचून जीव कसातरी झाला बाप्पा. आमच्याकडं सुरुंग म्हटलं का विहीर आठवते. तोटे भरले, वात पेटवली, सारे पयाले, धडाम झालं का मोजाचं : पाच लावले, पाच फुटले काय? एखादा नाई फुटला तं दुसऱ्या दिवशी विहिरीत उतराले कोनी तयार नसे. माह्या आज्याच्या काळात एक जण असाच गेला. तुमची गोष्ट तेच होय, फक्त विहीर लय मोठी.

रोखठोक_अकोला | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आदर ठेवून बोलतो. समोर शत्रू उभा असताना माइन टाकायच्या नाहीत तर काय रांगोळी काढायची? अमेरिकेनं परक्या देशात जाऊन बॉम्ब टाकले, त्यांना पश्चात्ताप व्हायलाच पाहिजे. आपण आपल्या सीमेवर आपलं रक्षण केलं. ही शांतिवाल्यांची भाषा फौजीच्या तोंडी बरी वाटत नाही. आणि विदर्भात शेतकरी मरत असताना आपल्याला पंजाब-व्हिएतनामचं काय?

सुभेदार_आर्वीरोड | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

रोखठोक साहेब, उद्या हुकूम आला तर मी पुन्हा टाकीन, गुडघ्यासकट. माझा प्रश्न टाकण्याचा नाही, न निघालेल्यांचा आहे. ज्याच्या शेतात टाकल्या तोही आपलाच शेतकरी होता. आणि माइनला शत्रू-मित्र कळत नाही. तिला वजन कळतं. आमच्या हातात असायची ती बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी, प्लास्टिकची. ती माणूस मारायला केलेलीच नाही. पाय उडवायला केली आहे, म्हणजे एकाला उचलायला आणखी दोघं अडकतात. हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. तेव्हा वहीत लिहून घेतलं, विचार केला नाही.

निवृत्त_बाई_वर्धा | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

सुभेदार भाऊ, 'आपल्या लोकांनी' असं विचारलंत म्हणून लिहिते. मी शाळेत इतिहास शिकवायचे, तेव्हा थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

रोखठोक यांना फौजीच्या तोंडी शांततेची भाषा बरी वाटत नाही. पण ही भाषा आपल्या वर्धा जिल्ह्यात फौजी लोकच बोलून गेले आहेत. १९६० साली विनोबा चंबळच्या खोऱ्यात फिरले आणि मे महिन्यात तिथल्या डाकूंनी त्यांच्यापुढं बंदुका ठेवल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या बंदुका ठेवल्या जाव्यात म्हणून खोऱ्यात आधी निरोप घेऊन हिंडला तो एक निवृत्त मेजर जनरल, यदुनाथ सिंह. त्याच भागातला माणूस. डाकूंना पवनारच्या म्हाताऱ्यावर विश्वास बसायच्या आधी या फौजीच्या शब्दावर बसला. पुस्तकात त्याला एक ओळ मिळते, कधी तीही नाही.

दुसरे ॲडमिरल रामदास, आपले नौदलप्रमुख, १९९० ते १९९३. निवृत्त झाले आणि अलिबागकडच्या खेड्यात शेती करत राहिले. भारत-पाकिस्तानच्या सामान्य लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९९४ मध्ये जो मंच निघाला त्यात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानचे आय. ए. रेहमान यांना मिळून दिला गेला. १९७१ च्या लढाईत असलेला माणूस हा, त्याला घाबरट म्हणायची कोणाची टाप नव्हती. (तरी लोकांनी म्हटलंच.) २०२४ च्या मार्चमध्ये गेले. आपल्या नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे, विनोबांच्या मुशीतल्या, त्याही याच कामात शेवटपर्यंत होत्या. २००८ साली त्या गेल्यावर पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला.

आणि सेवाग्रामला ज्यांची कुटी बघायला सहली येतात, त्यांच्याकडंही लष्करी पदकं होती हे किती जणांना ठाऊक आहे? बोअर युद्धात आणि १९०६ च्या झुलू बंडात गांधीजी जखमी उचलणाऱ्या तुकडीत होते. झुलूंच्या वेळी तर सार्जंट मेजरचा हुद्दा होता. त्या तुकडीच्या वाट्याला आले ते मुख्यतः फटके खाल्लेले, जखमा चिघळलेले झुलू, ज्यांना हात लावायला गोरे तयार नव्हते. ही पदकं त्यांनी ऑगस्ट १९२० मध्ये सरकारला परत केली. पन्नासेक वर्षांनी, एप्रिल १९७१ मध्ये, व्हिएतनामहून आलेल्या अमेरिकन सैनिकांनी वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांकडं आपली पदकं फेकली. मुलांना मी हे दोन प्रसंग एकाच तासाला शिकवायचे. अभ्यासक्रमात नव्हतं.

रोखठोक_अकोला | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

बाई, यदुनाथ सिंहांचं माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

नर्सिंग_असिस्टंट_बुलढाणा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:५०

जय हिंद सुभेदार साहेब. मी आर्मी मेडिकल कोअरचा. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याची लढाई पेटली तेव्हा मी श्रीलंकेत होतो. आपली शांतिसेना. नाव शांतिसेना, आणि १९९० च्या मार्चमध्ये परत येईपर्यंत अकराशेच्या वर जवान गेले. विदर्भातल्या किती घरांत त्या काळचे फोटो आहेत ते महार रेजिमेंटवाल्यांना विचारा. मेजर परमेश्वरन ८ महारचेच, २५ नोव्हेंबर १९८७ ला गेले, परमवीरचक्र.

मी तिथं पाय कापताना पकडून बसायचो. आपल्या जवानांचे आणि तिथल्या तमिळ लोकांचेही. एक बाई आठवते, नारळाच्या बागेत सरपण वेचताना पाय गेला. शुद्धीवर आल्यावर पायाचं नाही विचारलं, सरपणाची मोळी कुठंय विचारलं. भाषा कळत नव्हती, दुभाष्यानं सांगितलं. ती माइन कोणाची होती हे कोणालाच सांगता आलं नसतं. त्या बेटावर सगळ्यांनीच पेरून ठेवल्या होत्या.

आता तुमचा प्रश्न. आपल्या लोकांनी केलं आहे, साहेब. २००९ मध्ये तिथलं युद्ध संपल्यावर भारत सरकारच्या खर्चानं माइन काढणारी पथकं उत्तर श्रीलंकेत गेली. त्यात बहुतेक तुमच्यासारखे निवृत्त सॅपर होते. दिवसभर उन्हात, छातीवर जाड जाकीट, तोंडावर काच. जिथं आम्ही वीस वर्षांपूर्वी बंदूक घेऊन फिरलो तिथं हे हातात प्रॉडर घेऊन गेले. २०१० मध्ये जयपूर फूटवाल्यांनी तिथं शिबिर घेऊन पाय बसवले.

जयपूर फूटबद्दल चार ओळी लिहितोच, कारण इथं अर्ध्या लोकांना तो फक्त नावानं माहीत असतो. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सरकारी दवाखान्यात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो केला. त्याआधीचा विलायती पाय बूट घातल्याशिवाय चालत नसे. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी जातो. तर यांनी रबराचा असा पाय केला की तो घोट्यात वाकतो, पाण्यात भिजला तरी बिघडत नाही, आणि दिसतोही पायासारखा. १९७५ पासून डी. आर. मेहतांची संस्था तो फुकट बसवते. अफगाणिस्तान, कंबोडिया, जिथं जिथं माइन तिथं तिथं हा पाय गेला. फौजेचं स्वतःचं कृत्रिम अवयव केंद्र पुण्याला १९४४ पासून आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी निघालेलं. तिथं साध्या नागरिकांनाही पाय करून देतात, त्याचे पैसे पडतात.

पऱ्हाटीवाला_देवळी | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

नर्सिंग साहेब, माह्या मेव्हण्याचा पाय थ्रेशरमंधी गेला, गुडघ्याखाली. तीन वर्षं झाले. काठीवर हाये. त्याले युद्धाचा नसला तरी जयपूर फूट भेटते काय?

नर्सिंग_असिस्टंट_बुलढाणा | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४२

मिळतो. पाय कशानं गेला ते विचारत नाहीत. गुडघा शाबूत असेल तर काम सोपं आहे, एक-दोन दिवसांत चालता करून पाठवतात. मला निरोप पाठवा, शिबिर कुठं लागतंय ते बघून सांगतो. टोकाला जखम असेल तर आधी ती भरू द्या, घाई करू नका.

पुण्यात_अडकलेला_वऱ्हाडी | १८ नोव्हेंबर, दुपारी १:२०

सुभेदार काका, तुमच्या नातवानं दाखवलं ते क्वांग त्री प्रांताचं असणार. मी ऑफिसच्या कामानं हनोईला सहा महिने होतो, एकदा तिथं जाऊन आलो. उत्तर-दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या सीमेलगतचा प्रांत, तिथल्या जमिनीत पडलेलं लोखंड अजून संपलेलं नाही. चक सर्सी नावाचा अमेरिकन, १९६७-६८ मध्ये सायगावला लष्करी गुप्तवार्ता विभागात होता. १९९५ मध्ये परत आला तो आधी हनोईच्या दवाखान्यात अपंग मुलांना आधाराची साधनं करून देण्याच्या कामासाठी, आणि मग तिथंच राहिला. २००१ मध्ये प्रांताच्या सरकारबरोबर मिळून प्रोजेक्ट रिन्यू सुरू झालं. आता बॉम्ब शोधण्या-काढण्याचं काम तिथलीच माणसं करतात. त्यांचं निम्मं काम शाळेत चालतं, हे मला जास्त भावलं. पोरांना चित्रं दाखवून शिकवतात, असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, मागं फिरायचं, मोठ्यांना सांगायचं. कारण तिथं गरीब लोक भंगार म्हणून बॉम्बचे तुकडे उचलतात आणि तिथंच फसतात.

दुसरा जॉर्ज मिझो. तोफखान्यातला सार्जंट, १९६८ मध्ये जखमी झाला. ज्या व्हिएतनामी जनरलच्या फौजेनं त्याची तुकडी कापली, त्याच्याशीच पुढं दोस्ती झाली, आणि दोघांनी मिळून हनोईजवळ 'मैत्रीगाव' उभं केलं, १९९८ मध्ये. एजंट ऑरेंजनं ज्यांची शरीरं वाकडी झाली ती मुलं आणि म्हातारे सैनिक तिथं राहतात. मिझो स्वतः २००२ मध्ये गेला.

आणि तुमच्या धंद्यातला एक कंबोडियात आहे, अकी रा. लहानपणी ख्मेर रूजवाल्यांनी, म्हणजे तिथल्या सशस्त्र कम्युनिस्टांनी, हातात बंदूक दिली, माइन टाकायला लावल्या. मोठा झाल्यावर त्यानं काठी आणि चाकू घेऊन एकट्यानं त्या काढायला सुरुवात केली. निकामी केलेल्या माइनींचं सिएम रीपजवळ म्युझियम केलं. कुठं पेरलं ते त्याला आठवायचं, म्हणून तर सापडायच्या.

सुभेदार_आर्वीरोड | १८ नोव्हेंबर, दुपारी २:०५

काठी आणि चाकू घेऊन माइन काढायची नसते. कोणी हे वाचून अंगात आणू नये. पण माणूस मानला.

पऱ्हाटीवाला_देवळी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

हे एजंट ऑरेंज म्हंजे काय औषध होय?

पुण्यात_अडकलेला_वऱ्हाडी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:५५

तणनाशक, भाऊ. १९६१ ते १९७१ अमेरिकेनं विमानातून जंगलावर आणि पिकावर तणनाशकं मारली, झाडीत लपायला जागा राहू नये म्हणून. त्यातलं एजंट ऑरेंज सगळ्यात जास्त मारलेलं. टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी असं निम्मं-निम्मं.

पऱ्हाटीवाला_देवळी | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

टू-फोर-डी? अबे ते तं आमच्या कृषी केंद्रात भेटते! गव्हातल्या रुंद पानाच्या तणावर मारतेत. हवेनं बाजूच्या पऱ्हाटीवर उडालं का पऱ्हाटीची पानं भेंडीवानी होतेत, बोंडच धरत नाही. दोन वर्षांआधी माह्या धुऱ्यावरून याच कारनानं भांडन झालं, पार पोलिसपाटलापर्यंत गेलं. एका पंपाच्या उडालेल्या तुषारानं माह्या चार तासी गेल्या, तं यायनं विमानानं मारलं!

निवृत्त_बाई_वर्धा | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

भाऊ, एक दुरुस्ती, नाहीतर उगाच घबराट होईल. माणसांच्या पिढ्या नासवणारं डायऑक्सिन हे त्यातल्या दुसऱ्या घटकात, टू-फोर-फाइव्ह-टीमध्ये, कारखान्यात तयार होताना मिसळलेलं होतं. म्हणून टू-फोर-डी तोंडाला फडकं न बांधता मारावं असा अर्थ नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते वेगळ्या औषधांचं होतं, पण तेही आपण विसरायला नको.

संत्रा_मोर्शी | १८ नोव्हेंबर, रात्री ८:१०

कंबोडियाचं निघालंच आहे तर, तिथं माइन उंदीर शोधतात असं वाचलं. खरं का? आमच्याकडे तर ते सोयाबीनची पोतीच शोधतात.

सुभेदार_आर्वीरोड | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४०

खरं आहे. आफ्रिकेतले मोठे उंदीर, टांझानियात शिकवून तयार करतात. बारूदाचा वास ओळखतात, आणि वजन इतकं कमी की माइन फुटत नाही. आमच्या मशीनला भंगारातला प्रत्येक खिळा बोंबलायला लावतो, उंदराला खिळ्याशी घेणंदेणं नाही. मगावा नावाच्या उंदरानं माइन आणि न फुटलेले बॉम्ब मिळून शंभरावर शोधले, २०२० मध्ये त्याला इंग्लंडात सोन्याचं पदक दिलं. आम्हाला नाही मिळालं.

संत्रा_मोर्शी | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४४

त्यानं परत तरी नाही केलं ना?

वीरनारी_मेहकर | १९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

मी इथं फक्त वाचत असते, कधी लिहिलं नाही. सगळे युद्धपीडित युद्धपीडित लिहीत आहेत, मला वाटलं आपणही त्यातच येतो की काय.

आमचे हे १९९९ मध्ये द्रासच्या बाजूला गेले. मोठा मुलगा चार वर्षांचा, धाकटी पोटात. तेव्हापासून १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला बोलावतात. शाल आणि नारळ. माझ्याकडे अकरा शाली आहेत. आमच्याकडच्या मे महिन्यात शालीचं काय करायचं ते एकदा कोणीतरी सांगावं.

मला मदत कोणी केली ते सांगते. २००६ च्या उन्हाळ्यात सातारकडचा एक माणूस एसटीनं आला, दोन गाड्या बदलून. यांच्याच प्लाटूनमधला, तोवर निवृत्त झालेला. अंगणात बाजेवर बसला आणि दोन तास सांगितलं. रात्री किती वाजता चढायला सुरुवात केली, शेवटचं काय खाल्लं, गोळी कुठल्या बाजूनं आली, नंतर किती वेळ बोलत होते. सात वर्षं माझ्याकडे एकच शब्द होता, 'वीरमरण'. पत्रात तोच, पेपरात तोच, चौकातल्या फलकावर तोच. त्या माणसानं मला त्या शब्दाच्या आत काय होतं ते सांगितलं. मी रडले नाही, त्याला भाकर-ठेचा केला. तो रडला. मग जाताना पेन्शनचा अडकलेला कागदही वाचून दाखवला, कुठं सही राहिली ते सांगितलं. एका सहीसाठी माझे पाच हेलपाटे झाले होते.

आणखी एक. एप्रिल २०२३ मध्ये कारगिलला मैदानात जुना पडलेला गोळा फुटून खेळणारा मुलगा गेला, ते बातमीत पाहिलं. १९९९ चा गोळा असेल तर तो माझ्या धाकटीच्या वयाचा. त्या रात्री झोप लागली नाही. भाऊ, तुमच्या दोन राहिल्या त्यांचं तुम्हाला जे होतं, ते मला या बाजूनं कळतं.

सुभेदार_आर्वीरोड | २० नोव्हेंबर, सकाळी ५:३०

ताई, वाचलं. दोनदा वाचलं.

रोखठोक_अकोला | २० नोव्हेंबर, सकाळी ९:००

ताई, नमस्कार. कागदपत्रांचं काही अडलं तर सांगा, मी तीस वर्षं ट्रेझरीत होतो. फॉर्म वाचणं हा माझा धंदा होता. सुभेदार साहेब, तुमच्याशी वाद आहेच. पण ओटावा कराराचं वाचून काढलं. माइनींवर बंदी घालणारा, १९९७ चा. त्या बंदीसाठी चाललेल्या मोहिमेला आणि ती चालवणाऱ्या जोडी विल्यम्स बाईंना त्या वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. मोहीम १९९२ मध्ये सुरू करणाऱ्या सहा संस्थांपैकी एक व्हिएतनामच्या माजी सैनिकांची, तिचा म्होरक्या बॉबी म्युलर, लढाईत पाठीच्या कण्याला गोळी लागून चाकाच्या खुर्चीत बसलेला. आपण त्या करारावर सही केलेली नाही, पाकिस्ताननं नाही, चीननं नाही, अमेरिकेनं नाही. आणि २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी त्यातून बाहेर पडायचं ठरवलं, रशियाच्या भीतीनं. म्हणजे माझं म्हणणं अगदीच चूक नाही.

सुभेदार_आर्वीरोड | २० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

चूक म्हटलंच नाही. पोलंडचा सॅपरही कागदावर नोंद ठेवेल. आणि त्याच्याकडेही नाला असेल.

पुलगावचा_शेजारी | २१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

इतकं लांब कशाला जाता? २० नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या शिवारात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, त्यात आसपासच्या खेड्यातले रोजंदारीवरचे मजूर होते. २०१६ च्या ३१ मे ला पुलगावच्या फौजी दारूगोळा डेपोत आग लागली तेव्हाची रात्र आम्ही वावरात काढली, लहान पोरं आणि ढोरं घेऊन. तेव्हा पेटल्या त्या रणगाडाविरोधी माइनच होत्या. काल सात वर्षं झाली सोनेगावला. लढाई आमच्या गावात कधी आलीच नाही, लढाईचं सामान मात्र येतं आणि इथंच म्हातारं होतं.

आमच्या भागातल्या पोरांना पितळ आणि तांब्याचा भाव पाठ आहे. पडलेलं धातूचं काही दिसलं की उचललंच. सुभेदार साहेब, तुम्ही व्हिएतनामला जाऊ नका. तुम्ही आमच्या शाळेत या. ते क्वांग त्रीवाले पोरांना जे सांगतात ते इथं कोण सांगतं?

निवृत्त_बाई_वर्धा | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१०

७ डिसेंबर फौजेचा ध्वजदिन आहे. शाळेत तिकिटं वाटतात, डबा फिरवतात. या वर्षी रविवार आहे, म्हणजे सोमवारी घ्यावं लागेल. मुख्याध्यापकांशी मी बोलते, माझा विद्यार्थी आहे. नाही म्हणायची त्याची हिंमत नाही.

सुभेदार_आर्वीरोड | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:००

येतो. पण पोरांना घाबरवायचं नाही, ही माझी अट. भाषणही नको.

सुभेदार_आर्वीरोड | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

काल झालं. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी लिहितो.

पाचवी ते सातवी, बेचाळीस पोरं. मी पॉलिशची डबी, जुना टॉर्चचा सेल, पंपाचा गंजलेला वॉशर आणि पाइपाचा तुकडा नेला होता. मैदानात गवतात आधीच टाकून ठेवलं आणि म्हटलं, फिरून या. दहा मिनिटांत चारही वस्तू माझ्या टेबलावर आणून ठेवल्या, आणि वर दोन ज्या मी टाकल्याच नव्हत्या. एक दारूच्या बाटलीचं झाकण, दुसरी सायकलची घंटी. मग सांगितलं की यातली एक जरी खरी असती तर. तेवढंच. मग शिकवलं : दिसलं की थांबायचं. हात नाही, पाय नाही, दगड नाही. आलो त्याच पावलांवर मागं जायचं. दुरून खूण करायची, फांदी, चप्पल, काहीही. मोठ्या माणसाला सांगायचं, त्यानं ११२ लावायचा. पाच वेळा करून घेतलं. चपला खूण म्हणून टाकायला सगळे एका पायावर तयार, आया काय म्हणतील कोण जाणे.

शेवटी सहावीतली एक पोरगी उठली. म्हणे, "आजोबा, तुम्ही टाकल्या किती आणि काढल्या किती?" मुख्याध्यापक म्हणाले, असं विचारू नये. मी म्हटलं, विचारू दे. सांगितलं, दोन कमी. ती म्हणाली, "मग ते गाव कुठं आहे ते तुम्ही त्यांना सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. आज सकाळी हिंदीत पत्र लिहिलं, त्या गावच्या सरपंचाच्या नावानं, आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला प्रत. नाला कोणत्या बाजूनं होता, खुणेचा दगड कुठं होता, आठवलं तेवढं चित्र काढलं. रोखठोक साहेबांनी फोनवर मसुदा दुरुस्त केला, चार ठिकाणी 'असेल' खोडून 'आहे' करायला लावलं. स्पीड पोस्टनं गेलं. बाबाजी आता नसतील, तेव्हाच सत्तरीचे होते.

नर्सिंग_असिस्टंट_बुलढाणा | ९ डिसेंबर, रात्री ९:०५

माझा एक जुना साथी फिरोजपूरकडचा आहे. गावाचं नाव निरोपात पाठवा, तो मोटारसायकल काढून जाऊन येईल. त्याला कारणच पाहिजे असतं. आणि देवळीचे भाऊ, मेव्हण्याच्या पायाचं माप झालं काय?

पऱ्हाटीवाला_देवळी | ९ डिसेंबर, रात्री ९:४०

झालं साहेब, पुढच्या आठवड्यात बोलावलं हाये. तो विचारते का या पायानं वखर हाकता येते काय.

सुभेदार साहेब, आमच्या गावच्या शाळेतबी यावं लागते. मास्तर तयार हाये. सोमवारी या. दुपारची एसटी बंद हाये, पुलगाव स्टेशनवर मी गाडी घेऊन उभा राहतो. डबी न् वॉशर तेवढे आठवनीनं आना, पाइपाचा तुकडा आमच्याकडं लय हाये.

सुभेदार_आर्वीरोड | १० डिसेंबर, सकाळी ५:५०

घंटी पण आणतो. पोरांनी परत घेतलीच नाही.